बोकड, हट्टी

आश्विन उतरणीला लागला,
पहाटे नळाचं पाणी पहिल्यांदा चावलं,
की मला पूर्वजांची उबळ येते.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा तपासल्या.
आकडा चुकला की बोट आपोआप थांबायचं.
तेच बोट आता वंशावळीवरून फिरतं,
कोण कुठे गळालंय ते चाचपत.

रविवारी मोडीचा वर्ग.
आम्ही नऊजण, वयांची बेरीज सहाशेच्या वर,
एका वेलांटीवरून तासभर भांडतो
आणि मग कोपऱ्यावर मिसळ खातो, तिखट कमी सांगून.

घरी तहसीलदार.
पिवळा बोका, एक कान अर्धा.
कुठलाही कागद त्याच्या बुडाखालून गेल्याशिवाय
पुढे सरकत नाही, म्हणून हे नाव.
कोजागिरीचं उरलेलं दूध त्यानं ओट्यावरून तपासलं,
बदाम नामंजूर केले.

विश्राम, माझा धाकटा भाऊ, फोनवर म्हणतो,
जिवंत माणसं काय कमी आहेत, ताई?
म्हटलं, मेलेले आहेर मागत नाहीत.

तर परवा गेले गंगेवर,
थर्मासमध्ये गवती चहा, खांद्यावर जुनी शाल.
पाराशरे गुरुजींनी लाल फडक्यातून वही सोडली,
चांदवडचे कासार काढले,
आणि वाचता वाचता थांबले.

शके अठराशे तेहतीस, कार्तिक वद्य.
राघो बिन संतू, बंधू गणू,
मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले.
बरोबर बोकड एक, नाव सरदार, हट्टी.
सबब पायरीवर खोळंबा.

गुरुजी म्हणाले, बालक असेल हो.
मी चष्मा पुसला. बोकडच.
'ड' इतका स्पष्ट की शिंगं दिसावीत.
चांदवडहून चालत आला असणार तो,
म्हातारीमागे गोठ्यात राहीना म्हणून,
दोन दिवस, की तीन,
आणि नेमका पाण्याशी येऊन बसला.
दोघे भाऊ ओढतायत,
मागे लोकांची रांग,
आणि कुणीतरी बोरू थांबवून, हसू दाबून,
हे लिहून ठेवलंय.

मीही हसले. खूप हसले.
चहा नाकात गेला.
मग बोट थांबलं.

बोकडाचं नाव आहे.
म्हातारीचं नाही.
मातोश्री. एवढंच.
वही मागे चाळली, पुढे चाळली,
गुरुजींच्या पुतण्यानं दुसरी वही आणून दिली.
मातोश्री, कुटुंब, कन्या दोन.
जिच्या हाताला सरदार ओळखत होता
तिला हाक काय मारायचे, कोण सांगणार?

जुन्या पानावर लिहिता येत नाही, गुरुजी म्हणाले,
नवी नोंद घाला हवी तर.
घातली. सांगा म्हणाले, सांगितलं: कालिंदी.
ते अडले. कोम कोणाची?
कोणाचीच नाही. लग्न केलं नाही,
त्यामुळे पान बदललं नाही.
बरं, म्हणाले, आणि लिहिलं.
आई सुभद्रा. आजी ठकूबाई. आत्या मंजुळा, येवल्याला दिलेली.
आणि मांजर एक.

पेन वर राहिलं.
मांजर?
म्हटलं, आधार आहे गुरुजी, तुमच्याच वहीत.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं.
घाटावर बुधवारचा बाजार भरत होता,
एक शेळी कुणाची तरी मेथी ओढत होती.
मग गंभीरपणे, जसं गोत्र विचारावं तसं,
त्यांनी विचारलं,
स्वभाव?

संध्याकाळी गोधडी काढली. दोन दिवस गच्चीवर होती,
अजून उन्हाचा वास येतोय.
वहीचा फोटो कागदावर काढून आणला होता,
पाय पोटाशी घेऊन पुन्हा वाचायला बसले.
तहसीलदार आला,
दोनदा गोल फिरला,
आणि बरोबर 'मातोश्रीं'वर बसला.

उठवलं नाही.
चहा गार झाला तरी.